पोळ्याच्या संध्याकाळी पोराला ‘नाही’ म्हणता यावं म्हणून
मोहफुलांची पहिली दारू पोरगं विचार करून पीत नाही. बांधावर चौघं बसलेली, ग्लास पुढे येतो अन् घोट गेलेलाही असतो. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, म्हणून ऐनवेळच्या निश्चयावर विसंबू नका. उत्तर आधीच ठरवा: “ग्लास पुढे आला की ‘नाही, बैलांना पाणी पाजायचं आहे’ म्हणून मी उठणार.” हे घरी दहादा मोठ्यानं म्हणवून घ्या. नुसतं “पिऊ नको” टिकत नाही. त्या क्षणी करायचं काय, ते त्यात नसतं. उठल्यावर वीसेक मिनिटं चालायचं, ओढ चढते तशी ओसरते. उपाशीपोटी, रागात बाहेर पाठवू नका. पिऊन आलाच तर मारू नका, सकाळी बोला. हलवूनही जागा होत नसेल, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.