करडईवरचा मावा: पंप उचलण्याआधी पंख बघा

पौष लागला, हवा ढगाळ होऊ लागली की करडईच्या बांधाकडच्या दोन-तीन ओळींत रोज एक चक्कर मारा. उडून आलेला मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, आधी तिथेच टेकतो. ज्यांनी ज्वारीच्या कडेने जनावरं आवरायला काटेरी करडईच्या ओळी टाकल्या आहेत, त्यांनी त्या ओळी आधी बघाव्यात. शेंडा हळूच वाकवा आणि कोवळ्या पानांची मागची बाजू बघा. मुलांच्या दप्तरातलं भिंग मिळालं तर बरोबर न्या.

मावा किती आहे, हे सगळेच बघतात. त्याला पंख आहेत की नाहीत, हे फार थोडे बघतात. खरा निरोप पंखांत असतो.

करडईवरचा काळपट मावा दोन रूपांत दिसतो. एक गुबगुबीत, बिनपंखी, शेंड्याला सोंड खुपसून बसलेला. दुसरा जरा सडपातळ, पारदर्शक पंखांचा. अनेकांना या दोन किडी वाटतात, पण एकाच मादीच्या पोटी दोन्ही जन्मतात. आपल्या उबदार हवेत माव्याच्या माद्या नराशिवायच पिल्लं घालतात, अंडी नाही, थेट जिवंत पिल्लं. म्हणजे आई आणि लेकी रक्ताने जवळजवळ एकच. तरी एकीला पंख फुटतात, दुसरीला नाही. हे ठरतं ते आजूबाजूच्या परिस्थितीवर. शेंड्यावर दाटी झाली, अंगाला अंग घासू लागलं, झाडाचा रस कमी पडू लागला की पुढच्या पिढीत पंखवाल्यांचं प्रमाण वाढतं. बऱ्याच जातींत हा निकाल आईच्या पोटातच लागतो, काहींत जन्मल्यानंतर. वाटाण्यावरच्या माव्यात तर असंही दिसलंय की वसाहतीत मावा खाणारे ढालकिडे फिरू लागले की माद्या पंखवाली पिल्लं जास्त घालतात.

पंख फुकट मिळत नाहीत. पंखवाली मादी बिनपंखीपेक्षा कमी पिल्लं घालते. म्हणून शेंडा कोवळा आणि रसाळ असेपर्यंत मावा पंखांच्या भानगडीत पडत नाही, नुसता वाढत राहतो. पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतं, आणि तिच्या पोटातल्या पिल्लांच्या पोटातही पुढची पिढी आकार घेऊ लागलेली असते. ‘परवा काहीच नव्हतं, आज शेंडा काळा पडलाय,’ असं सांगणारा शेतकरी खोटं बोलत नसतो.

आता याचा रानात उपयोग काय, ते बघू.

कडेच्या एखाद्या झाडावर एक-दोन पंखवाले आणि त्यांच्याभोवती बारीक पिल्लं दिसली, तर मावा नुकताच उतरलाय. ही सगळ्यात स्वस्त वेळ. ते शेंडे खुडून पिशवीत भरा आणि रानाबाहेर नेऊन जाळा किंवा पुरा. शेंडा खुडल्याने करडईचं बिघडत नाही. वरचा डोळा गेला की खालच्या डोळ्यांतून फांद्या निघतात, झाड आपला आकार बदलून घेतं. फक्त जमिनीत ओल हवी, आणि बोंडं धरायच्या आधी हे व्हायला हवं. कडेच्या सहा-सात फुटांच्या पट्ट्यात ५ टक्के निंबोळी अर्क फवारला तरी त्या वेळी पुरतो. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि एकूण द्रावण शंभर लिटर करा.

दुसरी अवस्था म्हणजे शेंडे बिनपंखी माव्याने भरलेले, पानांवर चिकटा (माव्याने टाकलेला गोड चिकट द्रव) चमकतोय, पांढऱ्या काती पडल्यात. इथे मोठ्या पिल्लांच्या खांद्यांकडे भिंगातून बघा. पंख फुटणार असतील तर तिथे छोटे फुगीर कप्पे दिसतात. ते दिसले की समजा, थोड्या दिवसांत ही वसाहत उडून रानाच्या मधोमध पसरणार. फवारायचं तर ते उडण्याआधी. कप्पे नसतील आणि ढालकिड्याच्या अळ्या भरपूर असतील, तर मी तीन-चार दिवस थांबतो. ही अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारखी लांबट असते, आणि तिलाच कीड समजून मारणारे अजून भेटतात. एक अळी वाढेपर्यंत शेकडो मावा फस्त करते. फुगलेला, गव्हाळ रंगाचा, जागचा न हलणारा मावा दिसला तर तोही राहू द्या. त्याच्या आत बारीक गांधीलमाशी वाढत असते.

तिसरी अवस्था बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शेंडे चिकट आहेत, खालच्या पानांवर काजळी (चिकट्यावर वाढणारी काळी बुरशी) चढलीय, पण मावा विरळ आणि उरलेल्यांत पंखवाले जास्त. तिथे पंप घेऊन जाणं म्हणजे पाखरं उडून गेल्यावर घरट्याला दगड मारणं. तो पैसा शेजारच्या कोवळ्या पट्ट्यात घाला.

पिवळ्या चिकट सापळ्यांबद्दल इथेच सांगतो. सापळ्यावर पंखवालाच मावा चिकटतो. शेंड्यावर बसलेल्या हजारो बिनपंखींना त्याचं काही देणंघेणं नसतं. सापळे लावून मावा आटोक्यात येईल अशी आशा धरू नका. मावा येतोय की चाललाय, हे कळण्यापुरते चार-सहा लावा आणि दर दोन दिवसांनी बघा.

मावा वाऱ्यावर किती पसरतो, याची आठवण ऊसवाल्यांना विचारा. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि बघता बघता शेजारच्या जिल्ह्यांत गेला. पुढे त्याला आवर घालण्यात औषधांपेक्षा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा हात मोठा होता. करडईतही तोच हिशेब. सबंध रानात जहाल औषध मारलं की ढालकिडे आधी संपतात, आणि वाचलेल्या चार माद्या पुन्हा सुरुवात करतात, या वेळी खाणारं कुणी नसताना. रासायनिक फवारणी करावीच लागली तर लेबलवर करडई आणि मावा दोन्ही लिहिलंय असंच औषध घ्या, मात्रा लेबलप्रमाणे ठेवा. तेच औषध पुन्हा पुन्हा नको. पंख येणं-न येणं हे परिस्थितीपुरतं असतं, पण एकाच औषधातून वाचलेल्यांची सहनशक्ती लेकींत उतरते आणि मग सहजासहजी जात नाही.

कपाशीची फरदड (वेचणी संपल्यावरही तेच पीक पुढे चालू ठेवणं) ठेवलेल्यांचा एक प्रश्न नेहमी येतो: ‘उन्हात पिवळा मावा होता, थंडीत हिरवा-काळा आला, नवीन कीड आहे का?’ नाही. तोच मावा उष्णतेत आणि दाटीत लहान व फिका राहतो, गारव्यात मोठा व गडद होतो. रंग बदलला म्हणून दुकानातून वेगळी बाटली आणू नका. फरदडच ठेवू नका, हे तर आहेच.

उशिरा पेरलेल्या करडईकडे जास्त लक्ष द्या. माव्याचा जोर येतो तेव्हा ती अजून कोवळी असते. अशा रानात आता युरिया टाकू नका. लुसलुशीत शेंडा म्हणजे माव्याला पंखांशिवाय वाढायला दिलेली मोकळीक. जमिनीला भेगा पडायच्या आत, सोय असेल तर, एक हलकं पाणी द्या. तहानलेल्या झाडाला मावा झेपत नाही.

फुलं उमलली की फवारणी शक्यतो टाळा. अगदीच गरज पडली तर दिवस मावळताना करा, तोवर मधमाश्या परतलेल्या असतात. आणि फवारलेल्या पट्ट्यातली कोवळी पानं भाजीसाठी कुणी खुडणार नाही, हे घरात आणि मजुरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.