गणेशखिंडीतली गव्हर्नरची कोठी बघायला जाताना

पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, म्हणजेच गव्हर्नरची जुनी कोठी, बघायची तर रिक्षा थेट दारापर्यंत नेऊ नका. विद्यापीठ चौकात उतरा आणि फाटकातून पायी आत शिरा. नववीच्या मुलांना मी दरवर्षी अशीच नेते. चालत गेलं की आवार केवढं मोठं आहे ते पायांना कळतं. चारशे एकरांहून जास्त आहे ते!

शक्यतो पावसाळ्यात जा, सकाळी. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यातच इथे मुक्कामाला असत. ओल्या काळ्या दगडावर कमानी उठून दिसतात. इटालियन धाटणीचा तो उंच मनोरा लांबूनच बघा, जवळ गेल्यावर मान दुखते.

एक लक्षात ठेवा, हे संग्रहालय नाही, आत विद्यापीठाचं कामकाज चालतं. ओळखपत्र जवळ असू द्या. वर्ग न्यायचा असेल तर आधी पत्र देऊन परवानगी घ्या. आत जायला मिळालं नाही तरी खट्टू होऊ नका, इमारतीला बाहेरून पूर्ण फेरी मारा. मुलं हमखास विचारतात, एवढा पैसा आला कुठून? तेव्हा कापसाची गोष्ट सांगा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथून इंग्लंडला जाणारा कापूस अडला, इकडच्या कापसाला भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या भरात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने १८६४ मध्ये हे काम काढलं. वर्षभरात युद्ध संपलं, भाव कोसळले, पण बांधकाम चालूच राहिलं. ते १८७१ मध्ये पुरं झालं.

मग एखाद्या वडाखाली बसा. डबा असेल तर खाऊन घ्या, कागद मात्र परत पिशवीत. पुढची गोष्ट घाईने सांगायची नाही.

१८९७. पुण्यात प्लेग. प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेला इंग्रज अधिकारी रँड, त्याच्या हुकमाने गोरे सोजीर रोगी शोधायला घराघरांत, स्वयंपाकघरांत, देवघरांत घुसत होते. २२ जूनच्या रात्री याच कोठीत राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा सोहळा होता. तो आटोपून रँड बग्गीतून निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर दामोदर चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने जागीच गेला. रँड ३ जुलैला वारला. तुम्ही मघाशी उतरलात ना, तो हाच रस्ता.

मुलांना इथवरची गोष्ट बहुधा ठाऊक असते. म्हणून मी त्यांना उठवून सावित्रीबाई फुल्यांच्या पुतळ्यापाशी नेते. २०२२ मध्ये बसवलाय. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यानंतर साडेतीन महिन्यांतच इथे रोषणाई झाली. १९४९ मध्ये विद्यापीठ सुरू झालं, ही कोठी त्याची मुख्य इमारत झाली, आणि २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव दिलं गेलं.

दोन्ही तारखा मी मुलांकडून वहीत लिहून घेते, १० मार्च आणि २२ जून, एकीखाली एक. मग पुन्हा पायीच चौकाकडे.