नाताळच्या नाटुकल्यासाठी देवदूताचे पंख

सहा-सात वर्षांच्या लेकरासाठी जाड पुठ्ठ्याचे 45 सेंटिमीटर उंचीचे दोन पंख कापा. कापसाला मराठवाड्यात काय तोटा! सरकी काढलेला 100 ग्रॅम पुरे. मैद्याची खळ घट्टच शिजवा. पातळ झाली की पुठ्ठा ओला होऊन वाकतो. कापसाचे पुंजके खालून वर, कौलांसारखे एकावर एक चिकटवा, रात्रभर वाळवा. पंख झग्याला पिनेने टाचू नका, कापड फाटतं. दप्तरासारखे इलॅस्टिकचे पट्टे शिवा. डिसेंबरातली थंडी बघता झग्याआत स्वेटर हवाच, म्हणून पट्टे स्वेटरवरच मापा. कापूस झटकन पेट घेतो. हातात मेणबत्ती नको, सेलवरचा दिवा द्या.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला देवदूत मेंढपाळांना आधी “भिऊ नका” म्हणतो. लेकराला तेवढंच वाक्य पाठ करवा. “देवदूत खरंच येतात का?” विचारलं, तर घाईनं उत्तर देऊ नका, “तुला काय वाटतं?” विचारा.