जुना पोर्टेबल कॉम्प्युटर घेताय? या चुका टाळा

टीआरएस-८० मॉडेल १०० हे १९८३ सालचं मशीन. स्क्रीनवर आठ ओळी, ओळीत चाळीस अक्षरं, चार पेन्सिल सेल, आणि बटण सरकवलं की लगेच मेनू. काम मुख्यतः लिहिणं आणि बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रोग्रॅम करणं. मला तेवढंच हवं होतं.

पार्सल सांगलीत घरी आलं आणि मी पहिला गाढवपणा केला: सेल टाकून लगेच चालू केलं. स्क्रीनवर नुसते पट्टे. हरभट रोडच्या रेडिओवाल्या काकांनी खालचे चार स्क्रू काढले. आत बोर्डावर मेमरी टिकवणारा, बॅकअपचा छोटा निकेल-कॅडमियम सेल असतो, तो गळून शेजारचं तांबं हिरवं पडलेलं. चिंच न लावता ठेवलेलं भांडं कळकतं ना, अगदी तसं. "अहो, आधी दाखवायचं ना, मग सेल टाकायचे," काका म्हणाले. त्यांनी जुना सेल काढला, कापसाच्या काडीनं व्हिनेगर लावलं (गळलेला द्राव अल्कधर्मी असतो), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतलं. जुलैत इथं ऊन कुठलं, म्हणून दोन दिवस टेबलफॅनखाली वाळवलं. नवा सेल ३.६ व्होल्टचा, रिचार्जेबलच घ्या. साधा लिथियम सेल बसवू नका. सर्किट त्याला चार्ज करायला जातं आणि ते धोक्याचं आहे.

दुसरं, अडॅप्टर. अमेरिकेतून आलेला असेल तर तो १२० व्होल्टचा, आपल्या २३० वर लावलात की गेला. घरातला कुठलातरी ६ व्होल्टचा जोडावा म्हटलं, तर मॉडेल १०० ला पिनच्या मधोमध ऋण लागतं आणि आपल्याकडचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. मी सेलवरच चालवतो, कटकट नको.

लिहिलेलं सगळं रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या मेमरीत राहतं, वेगळं सेव्ह करावं लागत नाही. पण मशीनच्या खाली त्या मेमरीची वीज तोडणारं, मेमरी पॉवर नावाचं बारीक स्विच आहे. पुसता पुसता ते सरकलं आणि माझी अख्खी गोष्ट गेली! तेव्हापासून मी रोज रात्री मजकूर लॅपटॉपवर उतरवतो. त्यासाठी नल मोडेम केबल लागते, म्हणजे पाठवायची आणि घ्यायची तार उलटसुलट जोडलेली. साधी सरळ केबल आणून तासभर डोकं फोडू नका. कचरा अक्षरं उमटली तर दोन्हीकडचा बॉड रेट, म्हणजे मजकूर पाठवायचा वेग, जुळतोय का बघा. बेसिकचा प्रोग्रॅम पाठवायचा असेल तर सेव्ह करताना नावापुढे स्वल्पविराम आणि ए लावा, म्हणजे त्याची .डीओ, म्हणजे साध्या मजकुराची फाइल होते. बेसिकची नेहमीची .बीए फाइल टेलकॉममधून (मशीनमधल्या फाइल पाठवायच्या प्रोग्रॅममधून) जात नाही.

देवनागरी यात नाही. मी मराठी रोमनमध्ये टाइप करतो आणि लॅपटॉपवर पुन्हा लिहून काढतो. तेवढ्यात दोन-चार वाक्यं कापली जातात, आणि बहुतेक वेळा ती कापण्याच्याच लायकीची असतात.