लिनक्ससाठी स्वस्तातला छोटा लॅपटॉप किंवा टॅबलेट घेताय? या चुका टाळा

"लिनक्स कशावरही चालतं" हे सगळेच सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. बूट होतं हो, पण वायफाय दिसतंय का, स्पीकरमधून आवाज येतोय का, झाकण बंद करून परत उघडल्यावर मशीन जागं होतंय का, हे सगळं आतल्या चिपवर ठरतं. म्हणून पहिली चूक म्हणजे नुसता ब्रँड आणि किंमत बघून घेणं.

मी ही चूक केलीये. कीबोर्ड सुटा होणारा एक छोटा टॅबलेट सेकंडहँड घेतला, आत इंटेलचा बे ट्रेल पिढीतला अ‍ॅटम प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी ईएमएमसी (एसएसडीपेक्षा स्वस्त आणि हळू स्टोरेज). पेनड्राइव्ह लावला तर बूट मेन्यूत दिसेचना, दोन दिवस पेनड्राइव्ह बदलत बसलो, आयएसओ (लिनक्स इन्स्टॉल करायची इमेज फाइल) परत परत डाउनलोड केली. मग कळलं की प्रोसेसर ६४ बिटचा पण यूईएफआय (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) ३२ बिटचं, त्यामुळे नेहमीची ६४ बिट आयएसओ त्याला ओळखूच येत नाही. ३२ बिटची बूटलोडर (सिस्टम सुरू करणारी) फाइल पेनड्राइव्हच्या ईएफआय फोल्डरमध्ये टाकल्यावर चालू झालं, पण आवाज गायब आणि टच उलट्या दिशेला. तुमच्याकडे असा जुना टॅब पडून असेल तर हा उपाय करून बघा, पण पैसे देऊन मुद्दाम घेऊ नका.

अँड्रॉइड टॅबवर उबुंटू टाकता येईल का, हा प्रश्न तर कायम येतो. साध्या पीसीत आत काय काय आहे ते फर्मवेअरच कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सांगतं, एआरएम चिपच्या (म्हणजे बहुतेक अँड्रॉइड) टॅबमध्ये तसं नसतं, प्रत्येक मॉडेलसाठी वेगळी डिव्हाइस ट्री (आतल्या हार्डवेअरचं वर्णन असलेली फाइल) लागते, शिवाय बूटलोडर बऱ्याचदा लॉक असतो. पोस्टमार्केटओएसच्या (फोन-टॅबसाठीचं लिनक्स) यादीत तुमचं नेमकं मॉडेल असेल, आणि त्यात वायफाय-टच चालतं असं लिहिलेलं असेल, तरच हात घाला. नुसत्या कमांड शिकायच्या असतील तर आहे त्या अँड्रॉइडवर टर्मक्स (टर्मिनलचं अ‍ॅप) टाका, काम होतं.

नवीन स्वस्त लॅपटॉपमध्ये गोची रॅमची आहे. सेलेरॉन एन४०२० प्रोसेसरवाले बरेच मॉडेल ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी घेऊन येतात आणि अनेकदा दोन्ही बोर्डवरच सोल्डर केलेले असतात, म्हणजे पुढे वाढवायचं म्हटलं तरी वाढवता येत नाही. डिस्ट्रो (उबुंटू, मिंट अशी लिनक्सची आवृत्ती) कितीही हलकी घ्या, ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की दम लागतो. त्या पैशात मी सरळ रिफर्बिश्ड बिझनेस लॅपटॉप घ्यायला सांगेन, साडेबारा इंची थिंकपॅड एक्स२७० किंवा डेल लॅटिट्यूड ७२९०. यांत रॅम स्लॉटमध्ये असते, एसएसडी बदलता येते, आणि एक्स२७० ची मागची बॅटरी तर न उघडता निघते. फक्त मॉडेल नीट वाचा, पुढचा एक्स२८० दिसायला तसाच वाटतो पण त्याची रॅम सोल्डर केलेली आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीच्या चांगल्या मशीन लोक काढून टाकतायत. लिनक्सला त्या मस्त चालतात.

पण मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत, न तपासता पैसे देऊ नका!! व्हेंटॉय (आयएसओवरून थेट बूट करून देणारं टूल) टाकलेला पेनड्राइव्ह आणि त्यावर मिंटची आयएसओ सोबत न्या, इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान. आधी बायोस, म्हणजे मशीनची मूळ सेटिंग, उघडून बघा (थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२), पासवर्ड मागितला तर ते मशीन तिथेच ठेवा, थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बोर्डवरचा छोटा सेल काढूनही जात नाही. मग वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, ब्राइटनेसची बटणं, आणि झाकण पाच मिनिटं बंद करून परत उघडणं. बॅटरीसाठी टर्मिनलमध्ये upower -d ही कमांड चालवा, मूळ क्षमता किती आणि आता किती उरलीये ते समोर येतं.

घरी आल्यावर दोन अडचणी हमखास येतात. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नाही, तेव्हा बायोसमध्ये स्टोरेज आरएसटी किंवा रेड मोडवर असतं, ते एएचसीआय करा, पण विंडोजही ठेवायचं असेल तर थांबा, मोड नुसता बदलला तर ते बूट होणार नाही आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की मागेल, ती आधी लिहून ठेवा. दुसरी म्हणजे वायफाय नसणं, ब्रॉडकॉमच्या चिपला हे जास्त होतं. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका. तरी नाही जमलं आणि कार्ड एम.२ स्लॉटमध्ये असेल तर इंटेलचं कार्ड बसवा, एक्स२७० मध्ये बहुतेक तेच असतं.

आणि मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन (ibus-m17n) हे पॅकेज टाका, इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात.