अतिवृष्टीच्या अनुदानाची ‘यादी’ मोबाइलवर आली तर

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की अतिवृष्टी धरतात. पंचनामे सुरू होतात आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याद्या फिरू लागतात. खरी यादी पीडीएफ असते किंवा कागदाचा फोटो. चोरट्यांच्या फाइलचं नाव ‘पीएम किसान’ असो की ‘अनुदान यादी’, शेवटी ‘डॉट एपीके’ असतं. एपीके म्हणजे यादी नव्हे, ॲप.

ही फाइल बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरवरून येते. त्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो आणि त्याच्या नावाने फाइल सगळ्या ग्रुपांवर पडते. म्हणून पाठवणारा कोण हे बघू नका, फाइलची शेवटची अक्षरं बघा.

अनुदानासाठी असं कुठलंही ॲप लागत नाही. यादीत नावासमोर विशिष्ट क्रमांक असतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा दिला की ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, होते आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. केंद्र सरकारच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत ३३ टक्के किंवा जास्त नुकसानीला हेक्टरी दर असे ठरले होते: जिरायत ८,५०० रुपये, बागायत १७,०००, बहुवार्षिक पिकं २२,५००. राज्य त्यात कधी भर घालतं. पण पैसे मिळण्यासाठी आधी ‘प्रोसेसिंग फी’ कुणी मागत नाही.

फाइल उघडली तर काय होतं? ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्या आधी चोराला दिसतो. काही ॲप ‘अपडेट करा’ म्हणून दुसरं ॲप घुसवतात आणि स्वतःचं चिन्ह लपवतात. त्यामुळे ‘काहीच उघडलं नाही’ म्हणून गप्प बसणं महागात पडतं.

फाइल इन्स्टॉल झालीच असेल तर आधी वाय-फाय आणि डेटा बंद करा. मग सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला. आता ओटीपी तिथे येतील आणि बँकेशी नोंदणीकृत नंबरवरूनच बोलता येईल. त्याच फोनवर ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग रद्द करा. बँकेला यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, उद्यावर ढकलू नका. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. चोराच्या खात्यातून रक्कम पुढे सरकण्याआधी ती गोठवली गेली तरच हाती काही लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यावर तारखेसोबत वेळही लिहून घ्या.

घाईत फोन रिसेट करू नका. आधी आलेला मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर आणि ॲपची माहिती यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. तक्रारीला तोच पुरावा. मगच फॅक्टरी रिसेट. नंतर व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ तपासा, अनोळखी असतील ते काढा, टू-स्टेप पिन लावा आणि ग्रुपवर आपल्या नावाने गेलेली फाइल उघडू नका असं कळवा.

चोरीची एक वेगळी वाट अंगठ्याची. आधारवरून पैसे काढायला ओटीपी लागत नाही, अंगठा चालतो, म्हणून आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. मात्र लॉक असताना सेवा केंद्रात ई-केवायसीचा अंगठा चालत नाही आणि लोक यंत्राला दोष देत परततात. रांगेत नंबर आला की तात्पुरतं उघडा.