दशांश अपूर्णांकांची चाचणी कशी काढायची

चाचणी काढायला बसलात की लगेच प्रश्न लिहायला घेऊ नका. मुलं कुठे कुठे चुकणार, ते आधी कागदावर उतरवा. रोज वर्गावर असतो आपण, ते आपल्याला माहीत असतंच. मी सहावीला गणित शिकवते, म्हणून दशांश अपूर्णांकांचंच सांगते.

०.३५ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण चारापेक्षा पस्तीस मोठे. ज्यांनी ०.४ लिहिलं त्यांना आपण बरोबरची खूण करून मोकळे होतो. घोळ इथेच आहे. काही मुलांच्या डोक्यात उलटंच बसलेलं असतं: शतांश म्हणजे बारीक तुकडे, तेव्हा दशांशचिन्हापुढे अंक जास्त तर संख्या लहान. तीही ०.४च लिहितात! त्यांना पकडायला दुसरी जोडी लागते, ०.७५ आणि ०.५. इथे ती ०.५ लिहितात आणि सापडतात; पस्तीसवाली मात्र इथे बरोबर येऊन निसटतात. म्हणून दोन्ही जोड्या एकाच चाचणीत हव्यात.

तिसरा प्रश्न ०.५ आणि ०.५० यांत मोठी कोणती, की दोन्ही सारख्या? चौथा: ०.४ आणि ०.५ यांच्या मधली एक संख्या लिहा. ‘नाही’ असं उत्तर देणारी मुलं हुशार समजल्या जाणाऱ्यांतही निघतात. बस, एवढंच. पहिल्या दोन्ही प्रश्नांखाली ‘कशावरून?’ लिहून एकेक ओळ मोकळी सोडा.

शेवटच्या तासाला दहा मिनिटं, पाव कागद, गुण नाहीत. गुण ठेवले की मुलं शेजाऱ्याच्या कागदात डोकावतात. सहावीच्या आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनात, गुण द्यावे लागतात हे खरं, पण त्यासाठी तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम आहेत की. प्रत्येक चिठोरं नोंदवहीत चढवायला हवं असं थोडंच आहे?

लाल पेन बाजूला ठेवा आणि कागदांचे ढीग लावा. पहिली जोडी चुकलेली मुलं एका ढिगात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात मीटर टेप द्या. ०.३५ मीटर म्हणजे ३५ सेंमी, ०.४ मीटर म्हणजे ४० सेंमी. टेपवर बोट त्यांनीच ठेवायचं, आपण नाही. रुपये-पैशांनी समजावण्याची जुनी सवय सोडा, या मुलांनी पैसे कुठे वापरलेत! दुसरी जोडी चुकलेल्यांना दहा बाय दहा चौकटींचा कागद द्या: ०.७५ साठी ७५ चौकटी रंगवायच्या, ०.५ साठी पाच पूर्ण रांगा. दोन्ही जोड्या चुकलेल्यांना एकेकाला जवळ बोलावून विचारा, त्यांचं कागदावरून काही कळत नाही. आणि एखादा ढीग निम्म्या वर्गाचा झाला, तर गटबिट सोडा. तो भाग सगळ्यांना पुन्हा शिकवा.

आठवड्याने हीच चाचणी आकडे बदलून घ्या: ०.२८ आणि ०.३, मग ०.९१ आणि ०.७. आकडे कुठलेही घ्या, पण एका जोडीत जास्त अंकांची संख्या लहान आणि दुसरीत मोठी असली पाहिजे.